मलयाळम् कथेतील स्त्री आणि निसर्ग

स्त्रीचे दुय्यमत्व आणि निसर्गाची लूट ह्या दोन्हींचे मूळ एकाच स्वामित्ववृत्तीत आहे, असे मानणाऱ्या विचारास पर्यावरणीय स्त्रीवाद म्हणतात. मलयाळम् भाषेतील कथेत (चेरुकथा) हा विचार विसाव्या शतकाच्या अखेरच्या दोन दशकांत जाणीवपूर्वक व्यक्त होऊ लागला. तथापि स्त्री, भूमी, पाणी, वृक्ष व प्राणी ह्यांच्या परस्परसंबंधांचे चित्रण त्या कथेत बऱ्याच आधीपासून आढळते. ह्या चित्रणाच्या दोन परंपरा दिसतात. एकीत स्त्री ही निसर्गाचे प्रतीक म्हणून येते. ती नदीसारखी, वेलीसारखी किंवा भूमीसारखी असते. दुसरीत स्त्री आणि निसर्ग ह्या दोहोंची मालकी व उपयोग ठरविणारी सत्ता कोणाची, हा प्रश्न विचारला जातो. पहिल्या परंपरेत सौंदर्य आहे. पण सोसणे, पोसणे व मौन राखणे हेच स्त्रीचे निसर्गदत्त गुण होत, ह्या जुन्या समजुतीला तीत नकळत दुजोराही मिळतो. मलयाळम् कथेचे महत्त्वाचे यश दुसऱ्या परंपरेत आहे.

संज्ञा आणि विचार : फ्रेंच लेखिका फ्रान्स्वाझ दोबोन (१९२०–२००५) हिने १९७४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात ह्या विचाराला नाव दिले. भारतात वंदना शिवा ह्यांच्या स्टेइंग अलाइव्ह (१९८८) ह्या ग्रंथामुळे त्याची चर्चा सुरू झाली. पुढे मारिया मीस ह्यांच्या सहकार्याने त्यांनी लिहिलेला इकोफेमिनिझम हा ग्रंथ १९९३ मध्ये प्रसिद्ध झाला. निसर्गाच्या सर्जनशील शक्तीची भारतीय कल्पना, म्हणजे ‘प्रकृती’, ही शिवा ह्यांच्या मांडणीत मध्यवर्ती आहे. अर्थशास्त्रज्ञ बीना अगरवाल ह्यांनी १९९२ मध्ये ह्या मांडणीवर मूलगामी आक्षेप घेतला. स्त्रीचे निसर्गाशी असलेले नाते जन्मजात नसून ते श्रमविभागणी, मालमत्ता, जात व वर्ग ह्यांवर अवलंबून असते. जिला पाणी आणावे लागते, तिला विहीर आटल्याचे प्रथम कळते. ते ती स्त्री आहे म्हणून नव्हे, तर ते काम तिच्यावर सोपविलेले आहे म्हणून, असा ह्या आक्षेपाचा आशय आहे. मलयाळम् कथेचे मूल्यमापन करताना हा वाद लक्षात ठेवणे अगत्याचे ठरते. कारण त्याच्या दोन्ही बाजू त्या कथेत उपस्थित आहेत आणि काही वेळा त्या एकाच कथेत परस्परांशी झगडतात.

सामाजिक पार्श्वभूमी : केरळमधील ‘कावु’, म्हणजे देवतेच्या किंवा नागाच्या नावाने राखलेले रान, हे महाराष्ट्रातील देवराईशी जवळचे नाते सांगते. अनेक नायर घराण्यांच्या (तरवाड) आवारात सर्पकावु असे व तेथे सांजदिवा लावण्याचे काम बहुधा घरातील स्त्रियांकडे असे. हरिप्पाडजवळील मण्णारशाला ह्या प्रसिद्ध नागक्षेत्रात मुख्य पूजाधिकार आजही स्त्रीकडे आहे. नायर समाजातील वारसा मातृवंशीय होता. परंतु तरवाडाच्या जमिनीचा व उत्पन्नाचा कारभार मामाच्या, म्हणजे ‘कारणवर’ ह्या ज्येष्ठ पुरुषाच्या हाती असे. वंश स्त्रीच्या नावाने, रान देवतेच्या नावाने आणि हिशेबाची वही पुरुषाच्या हाती, अशी ही रचना होती. नंपूतिरी ब्राह्मण पितृवंशीय असून त्यांच्यात फक्त ज्येष्ठ पुत्रानेच स्वजातीत विवाह करण्याची रूढी होती. त्यामुळे अनेक नंपूतिरी स्त्रियांचे आयुष्य अविवाहित अवस्थेत, सवतींच्या सहवासात किंवा वैधव्यात घराच्या आतल्या भागातच सरे.

१ जानेवारी १९७० पासून अंमलात आलेल्या भूसुधारणांनी कुळांना जमिनीची मालकी दिली. पण प्रत्यक्ष शेतात राबणाऱ्या दलित मजुरांच्या वाट्याला मुख्यतः झोपडीपुरतीच जागा आली आणि आदिवासींचा प्रश्न तसाच राहिला. एकत्र कुटुंबपद्धती कायद्याने १९७६ च्या अखेरीस संपुष्टात आली. तरवाडांच्या वाटण्या झाल्या, त्यांत अनेक सर्पकावूंची झाडे तुटली व तळी बुजली. भातशेतीखालील क्षेत्र १९७० च्या दशकाच्या मध्यास सु. ८·८ लाख हेक्टर होते; पुढील चार दशकांत ते सु. २ लाख हेक्टरांवर आले. लावणी, बेणणी व कापणी ही कामे प्रामुख्याने स्त्रियांची असल्यामुळे भातखाचर बुजणे म्हणजे स्त्रीचा रोजगार व तिचे शेतीविषयक ज्ञान दोन्ही एकदमच निकामी होणे, असा त्याचा अर्थ होता.

पालक्काड जिल्ह्यातील सायलेंट व्हॅली ह्या अरण्यातून वाहणाऱ्या कुंतिप्पुळा नदीवर धरण बांधण्याच्या योजनेमुळे सु. ८३० हेक्टर रान पाण्याखाली जाणार होते. तिला झालेल्या विरोधामुळे १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून केरळात पर्यावरणविषयक जागृती झाली. केरळ शास्त्र साहित्य परिषद ही विज्ञानप्रसारक संघटना आणि कवी, कथाकार व शिक्षक त्या विरोधात एकत्र आले. कवयित्री सुगतकुमारी (१९३४–२०२०) ह्यांची ‘मरत्तिनु स्तुति’ (म. शी. वृक्षस्तुती) ही कविता ह्या चळवळीचे गीत बनली. अखेरीस योजना रद्द होऊन १९८४ मध्ये त्या अरण्याला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. मलयाळम् स्त्रीवादी लेखनाचा उदयही ह्याच दशकातला. त्यामुळे दोन्ही प्रवाह एकमेकांत मिसळणे स्वाभाविक होते.

पूर्वसूरी : वेंगयिल् कुञ्ञिरामन् नायनार ह्यांच्या ‘वासनाविकृति’ (१८९१) ह्या कथेपासून मलयाळम् कथेचा आरंभ मानला जातो. स्त्रीच्या बाजूने लिहिलेल्या कथेला मात्र ललितांबिका अंतर्जनम् (१९०९–८७) ह्यांच्यापासून खरे सामर्थ्य लाभले. ‘अंतर्जनम्’ ही नंपूतिरी स्त्रियांना लावली जाणारी उपाधी असून तिचा शब्दशः अर्थ ‘आतली व्यक्ती’ असा होतो. घराबाहेर पडताना ह्या स्त्रियांनी अंग वस्त्राने झाकून ताडपत्राच्या मोठ्या छत्रीआड चालावे, अशी रूढी होती. ललितांबिकांच्या कथांतील निसर्ग म्हणूनच अनेकदा अभावरूपाने जाणवतो. आकाश, वाट, नदी व पाऊस ही स्त्रीला नाकारलेली क्षेत्रे आहेत. ‘प्रतिकारदेवता’ (१९३८) ही कथा १९०५ मधील एका गाजलेल्या स्मार्तविचारावर, म्हणजे व्यभिचाराच्या आरोपावरून होणाऱ्या जातीय चौकशीवर, आधारलेली आहे. चौकशीनंतर बहिष्कृत झालेली तात्री ही स्त्री रात्री एका लेखिकेसमोर उभी राहते व आपली बाजू सांगते. ह्या कथेत निसर्गवर्णनाला फारसे स्थान नाही. पण स्त्रीचे शरीर ही कुळाची राखीव मिळकत आहे, हा समज तीत उघडा पडतो. मिळकतीची हीच भाषा पुढच्या पिढीने जमिनीला व रानाला लावून पाहिली. त्यामुळे वनवर्णन नसूनही ही कथा प्रस्तुत परंपरेच्या मुळाशी आहे. त्यांच्या ‘माणिक्कन्’ ह्या कथेत एक दलित शेतमजूर व त्याचा बैल ह्यांचे नाते येते. तेथे राबणारा माणूस व राबणारे जनावर ह्यांना एकाच मालकाच्या इच्छेवर जगावे लागते.

वैक्कम् मुहंमद बशीर (१९०८–९४) ह्यांच्या दोन कृती ह्या संदर्भात विशेष विचारात घ्याव्या लागतात. पात्तुम्मायुटे आटु (१९५९, म. शी. पात्तुम्माची शेळी) ह्या लघुकादंबरीला बशीरांनी ‘बायकांची अक्कल’ अशा अर्थाचे पर्यायी शीर्षकही दिले होते. दारिद्र्याने गांजलेल्या एका मोठ्या मुस्लिम कुटुंबात शेळी वाटेल ते खात हिंडते. लेखकाची पुस्तकेही तिच्या तोंडून सुटत नाहीत. तिच्या दुधावर पात्तुम्माने काही मनसुबे रचलेले असतात. परंतु माहेरच्या मंडळींच्या मागण्यांपुढे ते टिकत नाहीत. येथे स्त्री आणि प्राणी ह्यांच्यामध्ये कोणतेही गूढ ऐक्य नाही. त्यांच्यामध्ये चारा आहे, दूध आहे, उधारी आहे आणि हक्काचे भांडण आहे. बायकांची अक्कल हे शीर्षक वरवर थट्टेचे असले, तरी त्या घराचा गाडा ह्या अकलेवरच चालतो, हे वाचकाच्या ध्यानात येते.

‘भूमियुटे अवकाशिकळ्’ (१९७७, म. शी. भूमीचे वारसदार) ही बशीरांची कथा मलयाळम्‌मधील पर्यावरणीय जाणिवेचा मानदंड मानली जाते. निवेदक दोन एकरांचे नारळीचे आवार विकत घेतो. खरेदीखत झाल्यावर त्याच्या लक्षात येते, की वटवाघळे, पक्षी, साप, उंदीर व कीटक हेही त्या जमिनीवर हक्क सांगत आहेत. नारळांची नासाडी होऊ लागताच ह्या जीवांचा बंदोबस्त करावा, असा आग्रह त्याची पत्नी धरते. निवेदक मात्र त्यांना भूमीचे वारसदार मानतो. स्त्री ही स्वभावतःच निसर्गाची रक्षणकर्ती असते, ह्या गृहीतकाला ही कथा सहजपणे छेद देते. मात्र तिचे एवढेच वाचन अपुरे ठरेल. पत्नीला संसार चालवायचा आहे. नासलेल्या नारळाचा तोटा तिच्या स्वयंपाकघरात मोजला जातो. करुणेची चैन निवेदकाला परवडते, कारण रोजच्या जमाखर्चाचा भार त्याच्यावर कमी आहे. बशीरांनी हा विचार उघडपणे मांडलेला नाही. परंतु पत्नीची तक्रार त्यांनी अशा जिवंतपणे ऐकविली आहे, की ती केवळ क्रूर वाटत नाही. स्त्रीवादी वाचनाला ही कथा अडचणीची वाटते व म्हणूनच उपयुक्तही ठरते.

माधविक्कुट्टी : इंग्रजीत कमला दास ह्या नावाने लिहिणाऱ्या माधविक्कुट्टी (१९३४–२००९) ह्यांचे बालपण पुन्नयूर्कुळम् येथील नालप्पाट्टु तरवाड व कलकत्ता येथे गेले. विवाहानंतर पती रिझर्व्ह बँकेत असल्यामुळे त्यांचे दीर्घकाळ मुंबईत वास्तव्य झाले. त्यांच्या अनेक कथा महानगरातील बंद खोल्यांत घडतात. त्या खोल्यांतील स्त्रीला आठवणारे तळे, सर्पकावु व फुललेला वृक्ष हा त्यांच्या लेखनाचा दुसरा ध्रुव होय. नीर्मातळम् पूत्त कालम् (१९९३, म. शी. नीर्मातळम् फुलले तेव्हा) हे आठवणींचे पुस्तक असले, तरी त्यांच्या कथांतील निसर्गप्रतिमा समजण्यास ते साहाय्यभूत ठरते. ज्या वृक्षाचे नाव शीर्षकात आहे, त्याला मराठीत वायवर्णा म्हणतात.

‘पक्षियुटे मणम्’ (म. शी. पक्ष्याचा गंध) ही त्यांची कथा १९६४ मध्ये त्याच नावाच्या संग्रहात प्रसिद्ध झाली. नोकरीच्या शोधात कलकत्त्यातील एका मोठ्या इमारतीत आलेली स्त्री चुकून एका अनोळखी पुरुषाच्या खोलीत शिरते. मृत्यूची तिची ओळख जुनी आहे. बालपणीच्या दुखण्यात तिला मरणाऱ्या पक्ष्याचा गंध जाणवला होता. रात्री खोलीत सापडलेल्या व भिंतींवर पंख आपटणाऱ्या पक्ष्याची प्रतिमा येथे स्त्रीच्या स्थितीशी जुळते. ती तेथून निसटते. परंतु नादुरुस्त उद्‌वाहनात पाऊल टाकून मृत्युमुखी पडते. पक्षी हे ह्या कथेतील अलंकरण नव्हे. स्त्रीच्या शरीराला धोक्याचे जे ज्ञान आहे, ते बुद्धीच्या आधी गंधरूपाने जागे होते. परंतु शहराची रचना त्या ज्ञानाला वाट देत नाही. स्त्री आणि पक्षी ह्यांतील साम्य कोमलतेचे नसून कोंडले जाण्याचे आहे, हा ह्या कथेचा विशेष होय.

माधविक्कुट्टींच्या स्मृतिविश्वाला एक मर्यादाही आहे. सर्पकावु, तळे आणि फुलांचे अंगण हे जमीनदार घराण्याचे आवार होते. त्याच घराण्यांच्या खाचरांत गुडघाभर चिखलात लावणी करणाऱ्या स्त्रीची पावसाची आठवण निराळी असणार. लेखिकेला घरातील नोकरचाकरांविषयी तीव्र सहानुभूती आहे आणि त्यांच्यावरील अन्यायाचे चित्रण त्यांच्या कथांत वारंवार येते. पण निसर्गाचे सुख व निसर्गातील कष्ट ही दोन चित्रे त्यांच्याकडे क्वचितच एकाच चौकटीत येतात.

ही उणीव काही अंशी पी. वत्सला (१९३८–२०२३) ह्यांच्या लेखनाने भरून निघाली. वायनाड जिल्ह्यातील तिरुनेल्ली परिसरातील अडियर जमातीचे जीवन त्यांनी नेल्लु (१९७२, म. शी. भात) ह्या कादंबरीत आणि पुढे अनेक कथांत रेखाटले. वळ्ळियूर्क्कावु येथील उत्सवात ह्या जमातीच्या लोकांशी वर्षाच्या वेठीचा करार करण्याची प्रथा होती. देवीच्या रानातच माणसांचा बाजार भरत असे, हे वास्तव कावूविषयीच्या हळव्या कल्पनांना आवर घालणारे आहे.

सारा जोसेफ : प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाच्या लेखिका म्हणजे त्रिश्शूर येथील सारा जोसेफ (१९४६– ) ह्या होत. पट्टांबी येथील संस्कृत महाविद्यालयात मलयाळम्‌चे अध्यापन करीत असताना १९८० च्या दशकात त्यांनी ‘मानुषी’ ही स्त्रियांची संघटना उभारण्यात पुढाकार घेतला. त्यांचा पापत्तरा (म. शी. पापभूमी) हा कथासंग्रह १९९० मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच्या प्रस्तावनेत कवी व समीक्षक के. सच्चिदानंदन् ह्यांनी ‘पेण्णेळुत्तु’, म्हणजे स्त्रीलेखन, ही संज्ञा योजिली आणि तिच्यावरून मलयाळम्‌मध्ये दीर्घकाळ वाद झाला. शीर्षककथा स्त्री-अर्भकांच्या हत्येविषयी आहे. जन्मलेल्या मुलीचा जीव वाचावा म्हणून आई आकांत करते. परंतु तिच्या आधीच्या मुली मातीत गेलेल्या आहेत. भूमी ही माता होय, ही कल्पना भारतीय वाचकाच्या परिचयाची आहे. ह्या कथेत भूमी मुलींचे दफनस्थान बनते आणि त्या पवित्र कल्पनेचा अर्थच पालटतो. गर्भाशय काय धारण करील व माती काय झाकील, हे ठरविणारी सत्ता एकच आहे, असे सारा जोसेफ सुचवितात. त्यांची भाषा येथे काव्यमय व प्रतिमाबहुल आहे. पुरुषी व्यवहाराच्या रोखठोक गद्यापासून दूर जाण्याचा तो जाणीवपूर्वक केलेला प्रयत्न होय. काही समीक्षकांना ती भाषा दुर्बोध वाटली. तथापि वेदना व भीती ह्यांना अद्याप शब्द नसलेल्या पात्रांसाठी ती अपरिहार्य होती, हे मान्य करावे लागते.

त्यांच्या रामायणावरील कथांचा विचार एका चित्रपटाच्या संदर्भात करणे उद्‌बोधक ठरेल. सी. एन्. श्रीकंठन् नायर ह्यांच्या नाटकावरून जी. अरविंदन् ह्यांनी कांचनसीता (१९७७) हा चित्रपट निर्माण केला. त्यात सीता व्यक्तिरूपाने कोठेही दिसत नाही. वाऱ्याने हलणारी पाने, झाडे व नदीचे पाणी ह्यांतून तिचे अस्तित्व सूचित होते. ती साक्षात प्रकृती आहे. चित्रपट म्हणून ही कल्पना असामान्य आहे. परंतु निसर्गाशी एकरूप होताना सीता आपले शरीर व आपली वाणी दोन्ही गमावते. रामाचा पश्चात्ताप पडद्यावर दिसतो. सीतेचे म्हणणे मात्र पानांच्या सळसळीतून प्रेक्षकाने ओळखावयाचे असते. स्त्री म्हणजे निसर्ग हे समीकरण कितीही आदराने मांडले, तरी त्याची किंमत स्त्रीला द्यावी लागते, ती अशी.

सारा जोसेफ ह्यांनी नेमकी ही वाणी परत मिळविली. ‘अशोक’ ह्या कथेत युद्धानंतर शृंगारून रामापुढे उभे राहण्याची आज्ञा झालेली सीता आहे. विजयाचा अर्थ ती जेत्याच्या बाजूने न पाहता उद्ध्वस्त लंकेच्या व स्वतःच्या अपमानाच्या बाजूने पाहते. ‘ताय्क्कुलम्’ (म. शी. मातृकुल) ह्या कथेच्या केंद्रस्थानी शूर्पणखा आहे. तिच्या नासिकाछेदाचा प्रसंग परंपरेने नासिकच्या पंचवटीशी जोडला जात असल्यामुळे मराठी वाचकालाही ही भूमी परिचित आहे. परंपरागत कथनात राक्षसीचे शरीर हे विटंबनेचे स्थान आणि दंडकारण्य हे आर्यांच्या पराक्रमाचे क्षेत्र होय. सारा जोसेफ ह्यांच्या कथेत अरण्य हे कोणाचे तरी घर आहे आणि त्या घरातील स्त्रियांचे अवयव कापले जाणे व ते घर उद्ध्वस्त होणे हे एकाच आक्रमणाचे दोन भाग आहेत. वनातील स्त्री येथे वनाचे प्रतीक नाही. ती वनाची रहिवासी आहे व आपल्या वतीने स्वतः बोलते. प्रतीक व रहिवासी ह्यांतील हा फरक मलयाळम् कथेने ह्या विचाराला दिलेली महत्त्वाची देणगी मानावा लागेल. त्यांच्या आति (२०११) ह्या कादंबरीत पाणथळ जमीन बुजविण्याच्या विरोधाचे चित्रण असून तीत हीच दृष्टी अधिक विस्ताराने आली आहे.

अंबिकासुतन् मांगाड : कासरगोड परिसरातील अंबिकासुतन् मांगाड (१९६२– ) ह्यांनी पर्यावरणविषयक कथा सातत्याने लिहिल्या. ‘रण्टु मत्स्यङ्ङळ्’ (म. शी. दोन मासे) ह्या कथेत पहिल्या पावसाबरोबर कव्वायि खाजणातून शूलापकावूकडे अंडी घालण्यासाठी निघालेल्या अळकन् व पूवाली ह्या माशांच्या जोडीचा प्रवास आहे. एकेकाळी ज्या वाटेने असंख्य मासे जात, तेथे आता हे दोघेच उरले आहेत. पावसाचे वेळापत्रक बिघडले आहे आणि वाटेत माणसे टपून आहेत. मादीच्या उदरातील अंडी, देवरानातील पाणी व पाऊस ह्या तिन्ही गोष्टी एकमेकींवर अवलंबून असल्याचे कथा कोणत्याही भाष्याविना दाखविते. पूवालीला मानवी भावना देण्यात रूपककथेचा धोका होता. परंतु स्थळाचे व माशांच्या सवयींचे तपशील नेमके असल्यामुळे लेखकाने तो टाळला आहे. एका पुरुष लेखकाची ही कथा प्रस्तुत परंपरेत मानाने बसते. ह्यावरून लेखकाचे लिंग ही ह्या दृष्टीची पूर्वअट नाही, हे स्पष्ट होते.

कासरगोड जिल्ह्यातील सरकारी मालकीच्या काजूमळ्यांवर सु. दोन दशके, २००० पर्यंत, एंडोसल्फान ह्या कीटकनाशकाची हवाई फवारणी होत होती. तिच्याविरुद्ध कृषी खात्यातील एक कर्मचारी लीलाकुमारी अम्मा ह्यांनी १९९८ मध्ये न्यायालयात दाद मागितली. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ह्या कीटकनाशकावर देशभर बंदी घातली. ह्या आपत्तीवर मांगाड ह्यांनी एन्मकजे (२००९) ही कादंबरी लिहिली. समाजाकडे पाठ फिरवून डोंगरावर राहणारे एक जोडपे एका आजारी मुलामुळे पुन्हा माणसांत ओढले जाते, असे तिचे सूत्र आहे. पालक्काड जिल्ह्यातील प्लाच्चिमडा येथे भूजल ओढणाऱ्या शीतपेयाच्या कारखान्याविरुद्ध २००२ मध्ये सुरू झालेल्या आंदोलनात मयिलम्मा (मृत्यू २००७) ह्या आदिवासी स्त्रीचे नेतृत्व पुढे आले. विहिरीचे पाणी स्वयंपाकाला निरुपयोगी झाले, ही तिची तक्रार होती. तिच्या लढ्याचे मूळ निसर्गभक्तीत नसून चुलीपाशी होते.

समीक्षा व मूल्यमापन : जी. मधुसूदनन् ह्यांच्या कथयुम् परिस्थितियुम् (२०००, म. शी. कथा आणि परिसर) ह्या ग्रंथाने मलयाळम् कथेच्या पर्यावरणनिष्ठ समीक्षेचा पाया घातला. त्यामुळे बशीरांपासूनच्या जुन्या कथांकडे नव्या दृष्टीने पाहिले जाऊ लागले. ह्या समीक्षेचा एक अनिष्ट परिणामही झाला. कथेत झाड तोडले गेले व स्त्री रडली, एवढ्यावर तिला पर्यावरणीय स्त्रीवादी म्हणण्याची प्रथा पडली आणि तशाच अपेक्षेने बेतलेल्या कथाही लिहिल्या गेल्या. अशा कथांत पुरुष हा सरसकट विध्वंसक, स्त्री ही सरसकट संरक्षक आणि गतकाळ हा सरसकट सुंदर असतो. ज्या तरवाडाच्या आवारात कावु राखला गेला, त्याच आवारात कोणाला प्रवेश नव्हता, हा प्रश्न त्यांत विचारला जात नाही.

दलित व आदिवासी स्त्रीचे निसर्गाशी असलेले नाते बहुतांशी इतरांच्या लेखणीतून व्यक्त झाले, ही ह्या परंपरेची मोठी उणीव होय. वत्सला ह्यांचे लेखन सहृदय व अभ्यासपूर्ण असले, तरी ते बाहेरून आलेल्या निरीक्षकाचे आहे. खाचरात राबणाऱ्या स्त्रीला भाताच्या वाणांचे, पाण्याच्या वेळांचे व रानभाज्यांचे जे ज्ञान होते, त्याची कथा तिच्याच शब्दांत पुरेशी लिहिली गेली नाही. आणि शेती नाहीशी झाल्यावर ते ज्ञानही स्मरणातून जाऊ लागले आहे.

पश्चिम घाट हा केरळ, महाराष्ट्र व गोवा ह्यांना जोडणारा दुवा आहे. माधव गाडगीळ ह्यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २०११ मध्ये त्याच्या संरक्षणाविषयी अहवाल सादर केला, तेव्हा केरळच्या डोंगराळ भागात त्याला तीव्र विरोध झाला. २०१८ चा महापूर आणि ३० जुलै २०२४ रोजी वायनाडमध्ये झालेले भीषण भूस्खलन ह्यांमुळे डोंगर, पाणी व वस्ती ह्यांचा प्रश्न पुन्हा तातडीचा झाला. अशा काळात स्त्रीला निसर्गाची कन्या म्हणून गौरविणे सोपे असते. त्यामुळे निसर्गरक्षणाचा भारही तिच्यावरच टाकता येतो आणि जमिनीच्या मालकीचा प्रश्न बाजूला राहतो. मलयाळम्‌मधील उत्कृष्ट कथांनी हा सोपा मार्ग नाकारला. तात्री, पात्तुम्मा, बशीरांच्या कथेतील वैतागलेली गृहिणी, कलकत्त्याच्या इमारतीत वाट चुकलेली स्त्री व वनातील शूर्पणखा ह्यांपैकी कोणीही निसर्गाची मूर्ती नाही. त्या विशिष्ट जागी, विशिष्ट कामात व विशिष्ट सत्तेखाली जगणाऱ्या स्त्रिया आहेत. जमीन, पाणी, प्राणी व स्वतःचे शरीर ह्यांविषयीचा निर्णय कोणी घ्यावयाचा, हा त्यांच्या कथांचा समान प्रश्न असून पुढील काळातील मलयाळम् कथेचे मोल ह्या प्रश्नाला ती किती प्रामाणिकपणे सामोरी जाते, ह्यावर ठरेल.